पडद्याच्या डाव्या कडेला

बोराडेकाकांचं तेरावं झालं, त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ती रील पुन्हा आली. टाकणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. ‘काकांची आठवण’ असं लिहून पुढे जोडलेले हात टाकले होते. रीलमध्ये तेच, सगळ्यांना पाठ झालेलं. पिवळी घट्ट विजार, तिच्यावरून लाल चड्डी, चामड्याची चोच आणि पाठीला सॅटिनचे पंख लावलेला एक धिप्पाड माणूस हवेतून येतो, दोरी सुटते, तो सरकन खाली येतो आणि सायकल मारल्यासारखे पाय झाडत अधांतरी लटकतो. मागे कुणीतरी कोंबडीचा आवाज टाकलेला. बघता बघता ग्रुप हसऱ्या चेहऱ्यांनी भरून गेला. मी खाली लिहिलं, ‘ही अर्धी आहे.’ उरलेली अर्धी कुठली, ते कुणी विचारलं नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावी.

आमची सोसायटी नाशिक रोडची. मी दुसऱ्या मजल्यावर, काका बरोबर माझ्या डोक्यावर तिसऱ्यावर. मी कोर्टात स्टेनो आहे. दिवसभर लोक बोलतात ते जसंच्या तसं उतरवायचं, आपलं मत मध्ये घालायचं नाही, हा माझा धंदा. त्यामुळे घरी आल्यावर माझी मतं जरा जास्तच उसळतात असं आमचे हे म्हणतात. काका सातपूरला एका इंजिनिअरिंग कारखान्यात लेथवर होते, तिथूनच रिटायर झाले. बायको, सुमनकाकू, मी इथे राहायला येण्याच्या कितीतरी आधी तापाचं निमित्त होऊन गेलेली. मुलगी वंदना लग्न होऊन पुण्याला. म्हातारपणीसुद्धा काकांची छाती दारातून आधी आत यायची आणि मागून काका. आवाज मात्र बारीक आणि मऊ. त्या छातीतून तो आवाज निघतो यावर नवीन माणसाचा विश्वास बसायचा नाही.

काकांची एक सवय सबंध सोसायटीला ठाऊक होती. दोरी दिसली की ते ती ओढून बघत. गच्चीवरची कपड्यांची दोरी, गणपतीच्या मांडवाची, पोरांच्या झोक्याची, टेम्पोवर फ्रिज बांधलेला असला तर त्याचीसुद्धा. एकदा ओढायची, गाठ अंगठ्याने दाबायची, मग पुन्हा ओढायची. मी इथे नवीन आले तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर मागून बारीक आवाज आला, “गाठ बघितल्याबिगर दोरीवर रुमालसुद्धा टाकू नये, माधुरी.” मला वाटलं म्हाताऱ्याला काही काम नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगची दोरी तुटून चादरी चिखलात पडल्या आणि काका आमच्या गच्चीवरून त्या बाईंना म्हणाले, “मी सांगितलं असतं, पण तुमची गच्ची आमची न्हाय.”

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं एक ठरलेलं वाक्य, “हसा, पण शेवटपर्यंत बसा.” हे ते कशालाही लावायचे. सोसायटीची मीटिंग रंगली आणि लोक उठायला लागले की हेच. कीर्तनकाराने पाल्हाळ लावलं की हेच. माझ्या मुलीने, ईराने, शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाषण विसरून दुसऱ्याच विषयाचं म्हणायला सुरुवात केली तेव्हा मागच्या रांगा फिदीफिदी हसल्या. काका वळून त्यांना म्हणाले, “हसा, हसा. पण शेवटपर्यंत बसा.” ईराने ते भाषण पूर्ण केलं. टाळ्या बेताच्याच पडल्या. काकांच्या मात्र बराच वेळ चालू होत्या.

या दोन्ही गोष्टींचं मूळ, ती रील ज्यातली, त्या सिनेमात होतं. त्याचं नाव ‘तुफानी गरुड’, भाषा हिंदी, जमाना काकांच्या तरुणपणाचा. द्राक्षात पैसा झालेल्या दोघा भावांच्या डोक्यात सिनेमा काढायचं आलं. काका तेव्हा व्यायामशाळेतले नामांकित. काका सांगायचे, “त्यांना छाती पायजे होती. चेहरा नको होता, तो चोचीत जाणार. आवाज बी नको होता. माझा ऐकला आन म्हणले, तू नुस्तं तोंड हालव.” आवाज मागाहून दुसऱ्याच कुणाचा तरी भरला, ढगात गडगडल्यासारखा. चोच एका चप्पल शिवणाऱ्याकडून करून घेतली होती. ती घामाने ओली झाली की वाकायची, आणि गरुडाचा पोपट व्हायचा. खलनायकाची प्रयोगशाळा म्हणजे सातपूरचं एक वर्कशॉप, रंगीत बल्ब लावलेलं. त्याचा अग्निबाण म्हणजे पाण्याची टाकी. उडताना दोरी दिसते, दोरीची सावली भिंतीवर पडते, आणि एका मारामारीत गरुडाच्या मनगटावर काकांचं लग्नातलं घड्याळ आहे. हे सगळं काका स्वतःच सांगायचे आणि आपण हसलो की त्यांना बरं वाटायचं.

शेवटची मारामारी हरसूलच्या आठवडे बाजारात घेतली, कारण तिथे गर्दी फुकट होती. शिवाय हरसूल काकांची सासुरवाडी. बाजाराच्या कडेला सासऱ्यांचा आंबा होता, त्याला कारखान्यातून आणलेली कप्पी बांधून काकांना वर खेचलं. खाली सगळा बाजार जमलेला. त्यांना सांगितलं होतं, गरुड दिसला की बोट वर करायचं आणि ओरडायचं. सुमनकाकू तेव्हा माहेरीच होत्या, लग्नाला वर्ष झालेलं. त्याही गर्दीत उभ्या. कॅमेरा सुरू झाला, काका पंख पसरून निघाले आणि आंब्याला मारलेली गाठ सरकली. काका खाली आले ते थेट माणसांच्या डोक्यांच्या दोन हात वर येऊन अडकले. कप्पी अडकली म्हणून वाचले. दिग्दर्शक म्हणाला, एकदम नॅचरल आलंय, राहू द्या.

सिनेमा इथल्या टॉकीजला लागला तेव्हा काका मित्रांना घेऊन गेले. पहिल्या उड्डाणालाच थेटर हसायला लागलं. चोच वाकली तेव्हा शिट्ट्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, “अरे, दाणे टाका याला!” मध्यंतरात काका चहाला म्हणून बाहेर आले आणि तसेच घरी गेले. पुढच्या दोन दिवसांत सुमनकाकू आपल्या बहिणीबरोबर जाऊन अख्खा पाहून आल्या. घरी येऊन म्हणाल्या, “अवं, मी बी दिसते शेवटाला. तुम्ही लटकले ना, तवा लय हसले मी. जाऊन बघा.” काका म्हणाले, बघू. शुक्रवारी सिनेमा उतरला. भावाभावांत भांडणं लागली, सिनेमाच्या फिल्मची पेटी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. वंदना लहान असतानाच काकू गेल्या.

“हसली आसंल माझ्यावर,” काका म्हणायचे. “हसायचीच. दोरीवरचं धुणं म्हणायची मला. पण हसताना तिची मान अशी मागं जायची. ते बघायचं राहिलं.” त्यांच्या हॉलमध्ये काकूंचा लग्नातला फोटो होता, ताठ बसलेला, डोळे वटारलेला. मी एकदा म्हटलं, छान आहे. ते म्हणाले, “फोटूत ती हलत न्हाय. त्या काळी आमच्याकडं कुठला व्हिडिओ? आख्ख्या जगात ती हलती अशी एकाच ठिकाणी हाय, आन मी तिथून मध्येच उठून आलो.”

आता कुणी म्हणेल, असल्या सिनेमाला काय अर्थ? चांगल्या सिनेमाची बाजू घ्यायला पुष्कळ शहाणे असतात. मी मुद्दाम या चोचवाल्यांची घेते, आणि ती घ्यायला मला काकांनी शिकवलं. ईरा एकदा मला आणि काकांना मॉलमध्ये नवा परदेशी सुपरहिरो दाखवायला घेऊन गेली. डोळ्यांवर चष्मे, हातात मक्याच्या लाह्या. पडद्यावर अख्खं शहर कोसळलं, हिरो ढगातून आरपार गेला, कुठे दोरी नाही, सावली नाही. बाहेर आल्यावर ईराने विचारलं, कसा वाटला? काका म्हणाले, “लय भारी. पैसे वसूल.” मग जिना उतरताना थांबले. “पण एक सांगू का पोरी? तो वर उडतो ना, तवा खाली त्याची वाट बघणारं कोणच न्हाय. ती माणसं मशीनवर काढल्याली. आमच्याकडं दोरी दिसायची, पण खालची माणसं खरी होती. बाजाराला आल्याली. कुणाच्या पिशवीत मिरच्या, कुणाच्या कडंवर पोर.” ईराला ते फारसं पटलं नाही. मला त्या दिवसापासून कुठल्याही फाटक्या सिनेमात हिरोच्या मागे कोण उभं आहे ते बघायची खोड लागली आहे. हिरो टिनपाट असतो, गोष्टीला शेंडाबुडखा नसतो, आणि मागे एखादा म्हातारा खऱ्या कुतूहलाने कॅमेऱ्याकडेच बघत असतो. तो म्हातारा आज कुठेच नाही, फक्त तिथे आहे. एवढ्यासाठी तरी हसून झाल्यावर पुन्हा एकदा बघावं की नाही?

त्याच सुमाराला काका जिन्यात लोकांना धडकायला लागले. आम्हाला वाटलं वय झालं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं दिसणं आधी जातं, मधलं थोडं राहतं, मग तेही जातं. गेलेलं परत आणता येत नाही, उरलेलं सांभाळायचं. काका घरी येऊन मला म्हणाले, “पायपातून बघितल्यासारखं दिसतंय. पाइप बारीक व्हायलाय.” मग जरा वेळाने, “तो पिक्चर कुठं मिळंल का गं?” डोळे पूर्ण जायच्या आत त्यांना एकदा मान मागे टाकून हसणारी बायको बघायची होती. दुसरं काही त्यांनी माझ्याकडे कधी मागितलं नाही.

आणि नेमक्या त्याच वर्षी ती रील निघाली. कुठून कोण जाणे, कुणीतरी जुन्या कॅसेटवरून तुकडे काढून टाकले आणि तुफानी गरुड गल्लोगल्लीच्या मोबाइलवर लटकू लागला. आमच्या मंडळाचा अध्यक्ष सागर विमा विकतो, पोरगा उत्साही. त्याने गणपतीत जाहीर करून टाकलं, आपल्या सोसायटीचा सुपरहिरो, मोठ्या पडद्यावर, पार्किंगमध्ये. मी त्याला विचारलं, अख्खा आहे? तो म्हणाला, “मॅडम, सगळं आहे, शेवटच्या फायटिंगसकट. मी स्वतः जोडलंय.”

काकांना मी तेच सांगितलं. त्या संध्याकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून खाली आले. पुढची खुर्ची धरली. आधी पडदा बांधलेल्या दोऱ्या ओढून पाहिल्या. सागरने माइकवरून त्यांची ओळख करून दिली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, काकांनी बसल्या बसल्या दंड फुगवून दाखवले. चोच वाकली, लोक हसले, काकाही हसले. घड्याळ दिसलं तेव्हा त्यांनीच मागे वळून सांगितलं, “सासऱ्यांनी दिलंय.” बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. खरंच मजेची संध्याकाळ होती. मग हरसूलचा बाजार आला.

सागरने काय केलं होतं, तर मोबाइलवरच्या रील एकामागे एक जोडल्या होत्या. त्याला वाटलं सिनेमा म्हणजे तेवढाच. रील उभ्या असतात. चित्र आडवं असतं, ते उभं बसवायला दोन्ही बाजू कापून टाकतात. त्यामुळे पार्किंगमधल्या त्या भल्या मोठ्या पडद्यावर मधोमध एक उभी पट्टी उजळलेली आणि दोन्हीकडे काळोख. पट्टीत काका वरून आले, सरकले, लटकले, पाय झाडले. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मी काकांकडे बघत होते. ते पुढे वाकले होते. मान एकदा डावीकडे वळवत होते, एकदा उजवीकडे, त्या पाइपातून पडद्याच्या कडा शोधत. कडांना काहीच नव्हतं. तेवढ्यात कोंबडी ओरडली आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं.

“ती आली न्हाय,” काका मला म्हणाले. “मला दिसली न्हाय, का आलीच न्हाय?” मी म्हटलं, आलीच नाही, काका, कापली आहे. सागर येऊन पाया पडला आणि विचारू लागला, कसं वाटलं? मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “लय मेहनत घेतली रे,” म्हणाले. सगळे प्रसाद घेऊन जाईपर्यंत ते तिथेच बसून होते.

त्यानंतर मी हात धुऊन मागे लागले. ज्या ज्या पानावर तो तुकडा दिसला, तिथे लिहिलं की पूर्ण सिनेमा हवा आहे, घरचं माणूस आहे त्यात. बहुतेकांनी हसरे चेहरे पाठवले. दिवाळी झाली. काकांचा एक डोळा पूर्ण गेला. वंदना आली, ऑपरेशन झालं, पण दुसऱ्यालाही उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं. ती म्हणाली, पुण्याला चला. ते म्हणाले, “थोडं थांब. माधुरीनं एक काम काढलंय.” मला तोंड दाखवायची चोरी झाली. संक्रांतीनंतर मालेगावहून एकाचा फोन आला. पूर्वी त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. अहिराणीत म्हणाला, “ताई, पुरा पिक्चर शे. पाठाडी देऊ का?” पैसे विचारले तर रागावला.

पेनड्राइव्ह आला तो रविवार होता. दुपारी मी वर गेले. काका आरामखुर्चीत होते, तोच पांढरा शर्ट. मला वाटलं नकोच सांगू, आता काय उपयोग. पण पिशवीचा आवाज त्यांनी ओळखला. “आला का?” म्हणाले. मी टीव्हीला लावला. ते म्हणाले, “पहिल्यापासून लाव. मध्येच उठायचं न्हाय.”

सबंध सिनेमा मी त्यांना सांगत होते. आता चोच वाकली. आता घड्याळ दिसलं. ते मान हलवत होते, कुठे हसत होते. मध्यंतर आलं तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पुढचं त्यांनी अख्खं असं कधीच बघितलं नव्हतं. बाजार आला. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले.

“तू कोर्टातली हायेस,” काका म्हणाले. “जसं दिसतं तसं सांग. मला बरं वाटावं म्हणून एक शब्द नको.”

चित्र पूर्ण आडवं होतं. काका वरून आले, गाठ सरकली. गर्दीने बोटं वर केली, सगळे तोंड उघडून हसत होते. आणि डाव्या कडेला, रीलमध्ये कापल्या गेलेल्या भागात, एक किडकिडीत बाई होती. मी चित्र थांबवलं. पुन्हा मागे नेलं. पुन्हा पाहिलं.

“हाय का?”

“आहेत. डाव्या कडेला.”

“हसतीय? मान मागं टाकलीय?”

मी दिसलं तसं सांगितलं. “नाही काका. हसत नाहीयेत. बाकी सगळे हसतायत. त्या पिशवी टाकून पुढे धावल्यात. मिरच्या सांडल्यात. आणि दोन्ही हातांनी पदर पसरून धरलाय. वर बघतायत. आंबा पडायला लागला की बायका झेलायला पदर धरतात ना, तसा.”

टीव्हीवर त्या तशाच थांबलेल्या होत्या, पदर ताणून, तोंड उघडं. किती वर्षं तशाच उभ्या, आणि लोक मधल्या चोचीला हसत होते.

“त्याच आंब्याखाली ल्हानपणी आंबे झेलायची ती,” काका शेवटी म्हणाले. “आन मला सांगितलं, लय हसले मी.” मग त्यांचा आवाज आणखी बारीक झाला. “येडी. ऐंशी किलोचा गडी होतो मी. पदरात मावणार होतो का?”

मी पदराने डोळे पुसले. त्यांना ते दिसणार नव्हतं, म्हणून नीट पुसले.

“पातळाचा रंग?”

“कळत नाही. कॅसेट जुनी आहे, सगळंच गुलाबी दिसतंय.”

“हिरवं होतं,” काका म्हणाले. “आता पुढं चालू कर.”

पुढच्याच आठवड्यात वंदना त्यांना पुण्याला घेऊन गेली आणि ते परत आलेच नाहीत. माझ्याकडे त्यांचं शेवटचं आहे ते ही दुपार. खलनायक मेला, गरुड आकाशात गेला, नावं वर सरकू लागली. चोच शिवणाऱ्याचं नाव होतं, काकांचं नव्हतं. ते मी सांगितलं तर हसले. “संपला का?” म्हणाले. मी म्हटलं, नावं चालू आहेत. “मग बसू,” म्हणाले. आम्ही बसलो. नावं संपली, पडदा निळा झाला. काका आरामखुर्चीत ताठ बसले होते, हात मांडीवर, आणि मान डावीकडे वळवलेली.